कार्डावर ‘एक’ कधी लिहायचा?

2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीनंतर गोल्फची मैदानं पुन्हा उघडली तेव्हा ध्वजाच्या दांड्याला हात लावायचा नाही आणि होलमध्ये हात घालायचा नाही, अशी ताकीद होती. त्यासाठी होलच्या आतला कप वर ओढून ठेवलेला असे. त्याची कड ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, वर दोन-अडीच इंच दिसे. चेंडू त्या कडेला लागला की ‘गेला’ असं धरायचं आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, चालू लागायचं, अशी आमची आपसातली बोली होती. एका सकाळी आमच्यातल्या एकानं पार-तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या, होलवर सात नंबरच्या आयर्ननं मारलं. चेंडू ग्रीनवर दोन टप्पे खाऊन सरळ घरंगळत गेला आणि त्या कडेवर आपटला. शांततेत ‘ठक्’ असा आवाज आम्हाला टीवर ऐकू आला. चेंडू हातभर मागे येऊन थांबला. चौघंही ओरडलो. मग खिशातली पेन्सिल काढून तो म्हणाला, “काय लिहू?”

दोघं म्हणाले, एक. मी म्हणालो, दोन. त्याचा चेहरा उतरला आणि उरलेली फेरी आम्ही फारसं न बोलता खेळलो. घरी आल्यावर वाटलं, आपण उगाच ताणलं. पण मत बदललं नाही. त्या दिवसापासून या प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही. एकदा खोलात शिरल्यावर दिसतं की गोल्फ खेळणारे जितक्या छातीठोकपणे ‘होल-इन-वन’, म्हणजे टीवरच्या पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये, असं म्हणतात, तितकं त्याबद्दल एकमत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. नियमांप्रमाणे चाललेल्या फेरीत त्या होलसमोर प्रामाणिकपणे ‘एक’ लिहिता येत असेल, तर तो होल-इन-वन. लिहिता येत नसेल, तर नाही. होल किती लांब होता, नशिबाचा वाटा किती होता, फटका देखणा होता की चुकलेला, हे प्रश्न गप्पांसाठी ठेवावेत. आणि ‘जवळजवळ गेलाच होता’ या वाक्याला तर कार्डावर जागाच नाही.

गोल्फच्या नियमांचा कारभार सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून पाहतात. त्यांच्या व्याख्यांच्या यादीत होल-इन-वन सापडत नाही. सापडते ती चेंडू ‘होलमध्ये गेला’ असं कधी म्हणायचं याची व्याख्या. फटक्यानंतर चेंडू होलमध्ये स्थिरावला पाहिजे आणि अख्खा चेंडू ग्रीनच्या पातळीखाली असला पाहिजे. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. खोली किमान 4 इंच. चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर. आत पडून उसळी मारून बाहेर आलेला चेंडू गेलेला नाही, कारण तो स्थिरावला नाही. उंचावरून येऊन होलच्या काठात रुतलेला आणि अर्धा वर राहिलेला चेंडूही गेलेला नाही. इथवर कुणाचा वाद नसतो. वाद दांड्यापाशी सुरू होतो.

होलच्या मधोमध दांडा उभा असतो. होलची त्रिज्या 54 मिलिमीटर. दांडा पाऊण इंच जाडीचा असेल तर त्याच्या पृष्ठभागापासून काठापर्यंत साधारण साडेचव्वेचाळीस मिलिमीटर उरतात. म्हणजे दांडा अगदी ताठ उभा असला तरी चेंडूला जायला जेमतेम दोन मिलिमीटरची मोकळीक. वाऱ्यानं दांडा चेंडूच्या बाजूला किंचित कलला की चेंडू काठ आणि दांडा यांच्यामध्ये अडकून बसतो, थोडा खाली, थोडा वर. टीवरून बघणाऱ्याला चेंडू गेल्यासारखाच दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की तो अधांतरी आहे.

2019 च्या आधी अशा चेंडूला ‘गेलेला’ मानत नसत. खेळाडूनं दांडा हलवायचा किंवा काढायचा. चेंडू आत पडला तर आधीच्या फटक्यानं गेला, बाहेर आला तर काठावर ठेवून पुन्हा खेळायचा. मी हे एकदा अगदी जवळून पाहिलं आहे. मारणारा गुडघ्यावर बसला होता. एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हाताचा तळवा मांडीवर पुसत होता. दांडा आधी आपल्याकडे कलवायचा की सरळ वर उचलायचा, यावर आम्ही तिघं तीन सल्ले देत होतो. त्यानं श्वास रोखून दांडा हळूच पलीकडे झुकवला आणि चेंडू खाली ‘टप्’ करून पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तेव्हाच खटकलं होतं. फटका दोन मिनिटांपूर्वी संपला होता. चेंडू थांबला होता. मग आम्ही टाळ्या वाजवल्या त्या कशासाठी, बोटांच्या हलकेपणासाठी?

2019 मध्ये नियम बदलला. दांड्याला टेकून थांबलेल्या चेंडूचा कुठलाही भाग ग्रीनच्या पातळीखाली असेल, तर तो गेला असं आता मानतात. जुन्या वळणाच्या खेळाडूंना यात सवलत दिसते; काठात रुतलेल्या चेंडूला अख्खं खाली असण्याची अट, आणि दांड्याला टेकलेल्याला नुसता पापुद्रा पुरतो, हा कुठला न्याय, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. दोन नियम शेजारी ठेवले की विसंगती दिसतेच. पण रुतलेला चेंडू मातीनं अडवला आहे, आणि माती हा मैदानाचाच भाग आहे. दांडा आपण तिथे रोवलाय, लांबून होल दिसावा म्हणून. दिशा दाखवायला ठेवलेल्या वस्तूनं वाट अडवली तर त्याचा भुर्दंड मारणाऱ्याला का? नव्या नियमानं निकाल फटक्याच्या शेवटी आणून ठेवला, बोटांच्या थरथरीतून सोडवला. हा बदल मला मनापासून पटतो.

काठावर लटकलेल्या चेंडूचंही असंच. तिथे नियम घड्याळ लावतो. खेळाडूला होलपर्यंत पोचायला लागणारा वाजवी वेळ आणि वर 10 सेकंद. तेवढ्यात चेंडू पडला तर आधीच्याच फटक्यानं गेला. नंतर पडला तर तो गेलेलाच धरतात, पण एक दंडाचा फटका वाढतो. म्हणजे टीवरून मारलेला चेंडू दहाव्या सेकंदाला पडला तर एक, अकराव्याला पडला तर दोन. ऐकायला क्रूर वाटतं. पण कुठेतरी रेघ ओढावी लागतेच; नाहीतर माणसं काठाशी बसून वाऱ्याची वाट पाहत राहतील.

आता नशिबाचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. 2001 च्या फीनिक्स ओपनमध्ये अँड्र्यू मॅगीनं 332 यार्डांच्या सतराव्या होलवर, म्हणजे पार-चारवर, टीवरून ड्रायव्हर मारला. पुढचे खेळाडू अजून ग्रीनवरच होते. चेंडू ग्रीनवर घरंगळत आला, त्यांच्यातल्या टॉम बायरमच्या पटरला (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीला) लागला आणि वळून होलमध्ये गेला. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत, पार-चारच्या होलवरचा तो पहिला होल-इन-वन. त्याआधी दोन वर्षं, 1999 च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये, फ्रेड कपल्सनं सॉग्रासच्या त्या प्रसिद्ध सतराव्या होलवर पहिला चेंडू पाण्यात घातला. टीवरूनच दुसरा मारला, आणि तो हवेतून थेट होलमध्ये उतरला. कार्डावर तीन.

हे दोन फटके शेजारी ठेवा. कुणालाही विचारा, कुठला मारायला आवडेल? शंभरातले शंभर कपल्सचा सांगतील. आणि तरीही मॅगीचा होल-इन-वन, कपल्सचा पार. मला यात काहीच चुकीचं दिसत नाही. आपण इथे फटके मोजतोय. त्यांची सौंदर्यस्पर्धा भरवलेली नाही. धावता चेंडू दुसऱ्याच्या पटरला, कुत्र्याला, पक्ष्याला चुकून लागला तर तो जिथे जाईल तिथला, असा खेळाचा नियम आहे. त्यामुळे चेंडू झुडपात गेला तर आपण निमूट झुडपात शिरतो. मग तोच योगायोग होलमध्ये घेऊन गेला तर नाक मुरडायचा अधिकार आपल्याला कुठून आला? कुणी मुद्दाम पायानं ढकलून चेंडू आत घातला, तर गोष्ट वेगळी. तो नियमातच बसत नाही.

नशीब वजा करून होल-इन-वन मोजायचा म्हटलं तर हाती काय उरेल, हाही विचार करावा. नेहमी सांगितला जाणारा अंदाज असा की हौशी खेळाडूला एखाद्या पार-तीनवर ही संधी साधारण 12,500 मध्ये एकदा, आणि व्यावसायिकाला 2,500 मध्ये एकदा. आयुष्य खेळात घालवलेल्या माणसाचं कौशल्य ती शक्यता पाचपट करतं. उरलेले 2,499 फटकेही त्याच हातांनी, त्याच निशाण्यावर मारलेले असतात.

कपल्सच्या गोष्टीतच मलिगनचा निकाल लागतो. ‘पहिला चुकला, दुसरा मारतो’ म्हणून मारलेला चेंडू कितीही सुरेख गेला तरी ‘एक’ होत नाही. सरावाला पाच चेंडू घेऊन एकामागून एक मारणाऱ्यालाही हेच लागू. हँडिकॅपचा, म्हणजे कमी कौशल्याच्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचा, फटका वजा करून आलेला ‘निव्वळ एक’ तर मुळातच दोन आहे.

थोडी कठीण प्रकरणं पुढे आहेत. टीच्या दोन खुणांच्या रेषेपुढे चार बोटं चेंडू ठेवला आणि तो फटका होलमध्ये गेला. स्ट्रोकप्लेमध्ये (सगळे फटके मोजायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड, आणि योग्य जागेवरून पुन्हा मारायचं. पुन्हा तोही आत गेला तरी तीन. मॅचप्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) दंड नाही, पण प्रतिस्पर्ध्याला तो फटका तिथल्या तिथे रद्द करता येतो. तो गप्प राहिला तर फटका राहिला. म्हणजे तोच चेंडू, त्याच चार बोटांनी पुढे, एका प्रकारात होल-इन-वन आणि दुसऱ्यात काहीच नाही. चौदाची मर्यादा असताना बॅगेत चुकून पंधरावी क्लब (चेंडू मारायची काठी) राहिली असेल तर अशीच फारकत होते. स्ट्रोकप्लेमध्ये त्या होलला दोन फटके वाढतात, एकाचे तीन होतात. मॅचप्लेमध्ये मात्र शिक्षा सामन्याच्या हिशेबातून एक होल कापून होते; होलवरचा ‘एक’ शाबूत राहतो.

पंधराव्या क्लबपाशी मी बरेच दिवस अडलो होतो. चेंडू एका फटक्यात गेला, हे खरंच आहे. न वापरलेल्या क्लबनं त्या फटक्याला काय मदत केली? काहीच नाही. मनानं मला तो होल-इन-वन द्यावासा वाटतो. पण मग काठावरून अकराव्या सेकंदाला पडलेल्या चेंडूलाही द्यावा लागेल, आणि टीपुढून मारलेल्यालाही. प्रत्येक वेळी ‘खरं तर एकाच फटक्यात गेला’ हे वाक्य तयारच असतं. म्हणून मी कार्डाला धरून राहतो. तीन लिहिलंय, तर तीन.

उलटंही तितकंच खरं आहे, आणि तिथे कार्डाची बाजू घ्यायला मला जास्त आनंद होतो. एकदा ग्रीन टेकाडाआड होती. मारणाऱ्याचा चेंडू वरून दिसेनासा झाला. आम्ही ग्रीनमागचं गवत पायांनी चाळलं, बंकरच्या कडा पाहिल्या. शोधायला 3 मिनिटं मिळतात, ती संपली. तो बिचारा मागे टीवर गेला, दंड धरून दुसरा चेंडू खेळला, तो ग्रीनवर आला, दोन पटमध्ये संपवायला गेला आणि होलमध्ये हात घालतो तर आत आधीच एक चेंडू. त्याचाच, त्याच्या निळ्या ठिपक्याचा. दुसरा चेंडू हातात तसाच राहिला, आणि कितीतरी वेळ तो नुसता बघत राहिला. नियम इथे स्वच्छ आहे. चेंडू आत गेला त्या क्षणी होल संपला. नंतर जे खेळलं ते मोजायचंच नाही. आमच्यातला एकजण कुरकुरला की त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, मग कसला होल-इन-वन? पण चेंडू आत होता. आम्ही गवतात वाकलेलो असताना, तो टीकडे पाय ओढत जात असताना, पूर्ण वेळ आत होता. आपल्याला उशिरा कळलं म्हणून घडलेलं न घडलेलं होत नाही.

लांबीवरून हिणवणाऱ्यांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. 1973 च्या ब्रिटिश ओपनमध्ये ट्रूनच्या आठव्या होलवर, 126 यार्डांवर, 71 वर्षांच्या जीन सॅराझननं होल-इन-वन केला; तो छोट्या होलवरचा म्हणून कुणी अर्धा मोजला नाही. 2002 मध्ये माइक क्रीननं डेन्व्हरच्या विरळ हवेत 517 यार्डांवरून केला, तो काही दीड मोजला गेला नाही. होलचा सव्वाचार इंचांचा आकार तर नियमांत 1891 मध्ये ठरला. प्रेस्टविकला यंग टॉम मॉरिसनं ओपनमध्ये केलेला होल-इन-वन त्याच्या वीसहून अधिक वर्षं आधीचा. ज्या दिवशी जो होल खणलेला होता, त्यात चेंडू गेला. तात्पुरत्या ग्रीनवरचा, पुढे आणलेल्या टीवरचा होल-इन-वन मी त्याच न्यायानं मानतो.

वर ओढलेल्या कपाची गोष्ट मात्र या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण तिथे चेंडू जाऊ शकेल असा होलच नव्हता. 2020 मध्ये यूएसजीएनं हँडिकॅपसाठी तात्पुरती मुभा दिली होती की कप असा बदललेला असेल तर आपल्या अंदाजानं सगळ्यात संभवनीय आकडा लिहावा. हँडिकॅपला हे शोभतं. हँडिकॅप ही कित्येक फेऱ्यांतून निघणारी सरासरीची गोष्ट; एखादा अंदाज इकडे तिकडे झाला तरी बिघडत नाही. होल-इन-वन ही एकदाच घडणारी घटना आहे. ‘संभवनीय घटना’ असं काही नसतं. कडेवर आपटलेला चेंडू कदाचित आत गेला असता. कदाचित वेगात काठावरून उडी मारून चार फूट पुढे गेला असता. दांड्यावर आदळून उलट फिरला असता. ‘ठक्’ आवाज जितका मोठा, तितकी ही शंका मोठी. सिम्युलेटरच्या पडद्यावरचा होल-इन-वन मला याच कारणासाठी मान्य नाही. यंत्र चेंडूचा वेग आणि फिरकी मोजतं, पुढचं गणित करतं. गणित उत्तम असेल. चेंडू पडद्याला लागून खालीच पडलेला असतो.

आणि शेवटी साक्षीदार. या बाबतीत मी माझ्याच मित्रमंडळींशी फटकून आहे. एकटा खेळणारा एक ओळखीचा माणूस एकदा कार्यालयात येऊन सांगू लागला की सहाव्यावर होल-इन-वन झाला. त्याला तोंडावर सांगितलं गेलं की साक्षीदार नाही, म्हणजे झालाच नाही. होल-इन-वन करणाऱ्यांच्या फलकावर नाव लावायला नकार देणं योग्यच होतं. 2016 पासून यूएसजीए एकट्यानं खेळलेली फेरी हँडिकॅपसाठीही धरत नाही. पण ‘झालाच नाही’?

गोल्फमध्ये एकट्याच्या शब्दाला मान आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. 1925 च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं चेंडू हलला म्हणून स्वतःवरच एक फटक्याचा दंड लावून घेतला, आणि शेवटी प्लेऑफमध्ये तो हरला. तो शब्द सगळ्यांनी मानला, कारण माणूस स्वतःच्या तोट्याचं बोलत होता. फायद्याचं बोलणाऱ्याला साक्ष मागावी, हे व्यवहाराला धरूनच आहे. संस्थेच्या फलकावर, बक्षिसावर, विम्याच्या दाव्यावर साक्षीदार हवाच. तिथे इतरांचा पैसा आणि इतरांचा विश्वास पणाला असतो. पण फलक पुरावा मागतो म्हणून घटनेला पुरावा लागत नाही. ‘आम्ही नोंद करू शकत नाही’ एवढं म्हणता आलं असतं. तो माणूस टोपी हातात घेऊन उभा होता, चेंडू खिशातून काढून दाखवत होता, जणू चेंडूच साक्ष देणार होता. ज्यानं ते सांगितलं त्यानं चेंडूकडे पाहिलंही नाही. मला तो प्रसंग अजून टोचतो.

माझ्या मित्राचंही एक म्हणणं इथे सांगायला हवं, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘दोन लिही’ म्हणून मी ठामपणे सांगितल्यावर तो म्हणाला, “तो हातभराचा पट मी घातला तरी तो कडेला लागूनच परत येणार. आत जाणारच नाही. मग दोन तरी कशाचे?” बरोबर होतं. त्या दिवशी त्या ग्रीनवर कुणाचाच चेंडू खऱ्या अर्थानं गेला नाही. आमचे सगळेच आकडे बोलीचे होते, त्या होलवरचा माझा चारसुद्धा.

शेवटी त्यानं दोन लिहिले, आणि रकान्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘पहिलाच कपाला लागला’. ते कार्ड त्यानं जपून ठेवलंय. मागच्या वेळी त्यानं काढून दाखवलं तेव्हा पेन्सिल पुसट झाली होती, म्हणून त्यानं ती ओळ माझ्यासमोर पेनानं गिरवली. दोनाच्या आकड्याला हात लावला नाही.